मणका ‘बसवला’ की झोप येते का? कायरोप्रॅक्टिक आणि निद्रानाश

झोपेची तक्रार घेऊन येणारे बरेच रुग्ण हल्ली मोबाईल पुढे करतात. त्यात एक व्हिडिओ असतो. टेबलावर झोपलेला माणूस, मानेला एक झटका, ‘कट्’ असा आवाज, आणि उठल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव. खाली लिहिलेले असते की मणका जागेवर आला की डोकेदुखी, पचन, थकवा, झोप सगळेच सुधारते. मग प्रश्न येतो, “डॉक्टर, एकदा करून बघू का? गोळ्यांपेक्षा तर बरे ना?”

प्रश्न रास्त आहे. महिनोन्महिने रात्री कूस बदलत काढणारा माणूस काहीही करून बघायला तयार असतो, आणि झोपेच्या गोळीची भीतीही खोटी नाही. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकू. पाठ किंवा कंबर दुखत असल्यामुळे झोप मोडत असेल, तर दुखणे कमी करणाऱ्या कोणत्याही उपचाराने झोप थोडी सुधारू शकते, आणि कायरोप्रॅक्टिक हा त्यातला एक उपचार असू शकतो. पण निद्रानाश हाच मूळ आजार असेल, तर मणक्याला झटके देऊन तो बरा होतो असा विश्वासार्ह पुरावा नाही. मानेला दिलेल्या झटक्यात क्वचित होणारा, पण मोठा धोका आहे. आणि निद्रानाशावर खरोखर गुण देणारा, गोळ्यांशिवायचा एक उपचार आहे, ज्याबद्दल रुग्णांना फारसे कोणी सांगतच नाही.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमके काय

ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली. १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून ‘बसवला’ आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. त्यावरून पामर यांनी सिद्धांत मांडला की मणके जागेवरून किंचित सरकल्याने नसांवर परिणाम होतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात. या सरकण्याला त्यांनी ‘सब्लक्सेशन’ म्हटले. गंमत अशी की कानाकडून मेंदूकडे जाणारी ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. ती कवटीच्या आतूनच मेंदूला पोहोचते.

आज या व्यवसायात सरळ दोन प्रवाह दिसतात. काही कायरोप्रॅक्टर स्वतःला पाठ, कंबर आणि मान यांच्या दुखण्यापुरते मर्यादित ठेवतात, व्यायाम शिकवतात आणि गरज पडली तर रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. दुसरे अजूनही सब्लक्सेशनच्या नावाने दम्यापासून निद्रानाशापर्यंत सगळे बरे करू पाहतात. ब्रिटनमध्ये या व्यवसायाची नियामक संस्था असलेल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्येच स्पष्ट केले की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती आजाराचे कारण असते याला संशोधनाचा आधार नाही. हे त्यांच्याच नियामकाने म्हटले आहे, ॲलोपॅथीवाल्यांनी नव्हे.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत कायरोप्रॅक्टरला ठरावीक शिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. तिकडे राहणारी मुले आई-वडिलांना भेटीला आले असताना कौतुकाने घेऊन जातात, “इथे सगळे जातात” असे सांगतात. ते खरेही असते. पण भारतात या व्यवसायासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपी २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आली. कायरोप्रॅक्टिकची स्थिती तशी नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘कायरो’ अशी पाटी दिसली की आत परदेशात पूर्ण शिक्षण घेतलेली व्यक्ती असू शकते, वेगळा कोर्स केलेला फिजिओथेरपिस्ट असू शकतो, किंवा दोन-चार दिवसांच्या शिबिरात झटके द्यायला शिकलेला कोणीही असू शकतो. पाटीवरून ते कळत नाही, विचारावेच लागते.

तो ‘कट्’ आवाज आणि एक्स-रेमधला ‘गॅप’

आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्याने एकमेकांपासून दूर गेले की त्या द्रवातील दाब एकदम कमी होतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. लगेच पुन्हा मोडायला गेलो तर येत नाही, वीसेक मिनिटे थांबावे लागते, कारण तो वायू पुन्हा द्रवात मिसळायला वेळ लागतो. हाड सरकण्याशी या आवाजाचा संबंध नाही. झटक्यानंतर स्नायू थोडा वेळ सैल पडतात आणि मोकळे वाटते, हे मात्र खरे.

दुसरी अडचण ‘गॅप’ या शब्दाची. “माझ्या मणक्यात गॅप आहे” हे वाक्य दवाखान्यात दिवसातून चार वेळा ऐकू येते. गॅप, म्हणजे मोकळी जागा, ही दोन मणक्यांच्या मध्ये असायलाच हवी; तिथे चकती असते. वयानुसार ती चकती झिजते आणि जागा उलट कमी होते. चाळिशीनंतर अगदी काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेमध्ये आणि एमआरआयमध्येही झीज दिसते. केसांत पांढरे दिसावे तसे ते आहे. त्यामुळे कोणी तुमचा एक्स-रे दाखवून “ही बघा नस दबलीये, म्हणून झोप येत नाही” असे सांगितले, तर फिल्ममध्ये दिसणारी झीज आणि तुमची झोप यांचा संबंध त्या माणसाने जोडलेला आहे, फिल्मने नव्हे. साध्या एक्स-रेमध्ये नसा दिसतही नाहीत.

दुखणे आणि झोप: इथे मात्र नाते खरे आहे

दीर्घकाळ दुखणे असलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांची झोप बिघडलेली असते. याचे कारण सगळ्यांना कळते: कूस बदलली की कळ येते आणि जाग येते. उलट दिशेचे नाते मात्र कमी जणांना माहीत असते. अपुऱ्या झोपेनंतर मेंदू वेदना जास्त तीव्रतेने नोंदवतो. काल जी कंबर थोडी अवघडली होती तीच आज असह्य वाटते. मग माणूस हालचाल टाळतो, दुपारी आडवा होतो, रात्रीची झोप आणखी पातळ होते. हे चक्र कुठून सुरू झाले हे काही महिन्यांनी सांगणेही कठीण होते.

या चक्रात दुखण्याच्या बाजूने शिरता येते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साध्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी जे उपचार सुचवले आहेत त्यांत व्यायाम, योग, मसाज यांच्याबरोबर हाताने मणक्याला दिली जाणारी गती, म्हणजे मॅनिप्युलेशन, हेही आहे. एकूण संशोधन पाहिले तर जुनाट कंबरदुखीत त्याचा परिणाम इतर मान्य उपचारांइतकाच, म्हणजे मध्यम आहे. तो जादूसारखाही नाही आणि अगदी निरुपयोगीही नाही. त्यामुळे कंबरदुखीच्या रुग्णाने आठ दिवसांनी येऊन “आता रात्री बरी झोप लागते” असे सांगितले तर मी त्याला खोटे म्हणणार नाही. फक्त तोच फायदा फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामानेही मिळतो, जास्त टिकतो, आणि तो घरी स्वतः करता येतो.

तुमच्या बाबतीत दुखणे कारण आहे की नाही, हे ओळखायला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा सगळ्यात आधी काय जाणवते? कळ, आखडलेली मान, मुंग्या आलेला हात? की मुलाच्या नोकरीचा विचार, उद्याची कामे, आणि “आता किती वाजले, किती तास उरले” हा हिशोब? पहिले असेल तर दुखण्याकडे बघा. दुसरे असेल तर मान मोडून घेऊन काही होणार नाही.

अभ्यास काय सांगतात

निद्रानाश आणि कायरोप्रॅक्टिक या विषयावर झालेले संशोधन थोडे आहे आणि कच्चे आहे. २०१० मध्ये या व्यवसायाच्याच एका नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेले बरेचसे लेखन एकेका रुग्णाच्या हकिकतींच्या स्वरूपाचे होते, आणि आढावा घेणाऱ्यांनाही ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही.

त्याआधी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेला एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. कायरोप्रॅक्टरकडे येणाऱ्या रुग्णांना विचारले तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांनी उपचारानंतर झोपेत लगेच फरक पडल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांच्या मते तो फरक चांगला होता. पण झोपेची तक्रार असलेल्या एका छोट्या गटाकडून उपचारानंतरच्या रात्रींची रोजची नोंद ठेवून घेतली, तेव्हा सातत्याने सुधारणा होत असल्याचे दिसले नाही. आठवणीतली झोप आणि कागदावरची झोप यांत असा फरक पडतो.

असे का होते? निद्रानाश दररोज सारखा नसतो. चार वाईट रात्रींनंतर एक बरी रात्र बहुधा आपोआप येते, कारण शरीरावर झोपेचे कर्ज साचलेले असते. माणूस उपचाराला जातो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यामुळे पुढचा आठवडा काहीही केले तरी बरा जाण्याची शक्यता जास्त. शिवाय कोणीतरी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतले, पाठीवर हात फिरवला, “ठीक होईल” म्हटले, की ताण उतरतो. हे क्षुल्लक नाही. आमच्या ओपीडीत रुग्णाला पाच मिनिटेही मिळत नाहीत, हेही लोक तिकडे वळण्याचे एक कारण आहे. पण तो परिणाम मणक्याचा नाही. डोक्याला तेल घासून घेतल्यानेही तो मिळतो, आणि त्यात जोखीम नाही.

‘झटक्याने व्हेगस नस जागी होते, शरीर शांत होते’ असे स्पष्टीकरणही जाहिरातींत असते. नाडीच्या ठोक्यांत काही काळापुरते बदल शांत पडून राहण्यानेही होतात, दीर्घ श्वासानेही होतात. त्यावरून तीन महिन्यांचा निद्रानाश जाईल असे म्हणणे म्हणजे विहिरीला पाणी लागण्याआधी मोटर विकत घेण्यासारखे आहे.

मानेचा झटका: इथे मी स्पष्ट ‘नको’ म्हणेन

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्याजवळ वळण घेऊन कवटीत शिरतात. मान झटक्याने फिरवली की त्या वळणावर ताण येतो. क्वचित या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर जाते, तिथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत अडकते आणि पॅरालिसिसचा झटका येतो. तरुण, धडधाकट माणसालाही.

हे किती वेळा होते यावर वाद आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितले की मानेचे मॅनिप्युलेशन आणि रक्तवाहिनीची चीर यांचा संबंध दिसतो, पण झटक्यामुळेच चीर गेली हे सिद्ध करणे कठीण आहे. कारण चीर आधीच गेलेली असली तर मान दुखते, आणि मान दुखते म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. तरीही उपचाराआधी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी, असे त्यांनी म्हटले. ही घटना दुर्मिळ आहे, घाबरवण्याचा हेतू नाही. पण हिशोब सोपा आहे. निद्रानाशात फायदा सिद्ध नाही, नुकसान झालेच तर ते कायमचे असू शकते. मग झटका घ्यायचाच कशाला?

हेच सलूनमधल्या ‘मान मोडण्या’लाही लागू. दाढी-कटिंगनंतर डोक्याला मालिश आणि शेवटी डावीकडे-उजवीकडे एकेक झटका, हे आपल्याकडे सर्रास चालते. मालिश करून घ्या. झटक्याला हात जोडून नाही म्हणा.

मानेला झटका दिल्यानंतर, त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत, कधी झाले नव्हते असे तीव्र मान किंवा डोके दुखणे, चक्कर, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे, गिळताना त्रास, चालताना तोल जाणे, चेहरा किंवा एक हात-पाय बधिर होणे यांपैकी काहीही झाले, तर “मान बसतेय, थोडे दुखणारच” असे म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उपयोगी पडेल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, पण वेळेत पोहोचणे आपल्या हातात आहे. मानेला झटका दिला होता, हे त्यांना आवर्जून सांगा.

काही जणांनी मानच नव्हे तर पाठ-कंबरेलाही झटके घेऊ नयेत: हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठ स्त्रिया, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणारे, संधिवाताचे रुग्ण, कधीही कॅन्सर झालेले, आणि हातापायांत कमजोरी किंवा बधिरता असलेले लोक.

यात आपल्या देशासाठी एक वेगळी ओळ जोडायला हवी. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही दिसतो. पाठ एकाच जागी दुखते, रात्री जास्त दुखते, दुखण्याने जाग येते, संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतेय. घरच्यांना वाटते झोप नाही म्हणून अंग खंगले. अशा मणक्याचे हाड आतून पोखरलेले असते. त्यावर झटका बसला तर ते खचून मज्जारज्जू दबू शकतो आणि पाय जाऊ शकतात. रात्रीच वाढणारी पाठदुखी ही हाडवैद्य, कायरो, मालिश यांच्याकडे न्यायची गोष्ट नाही. आधी डॉक्टरी तपासणी.

झोप का येत नाही, हे आधी शोधा

घोरणारा, दिवसा बसल्या जागी पेंगणारा, सकाळी डोके जड घेऊन उठणारा माणूस “माझी झोप होत नाही” म्हणतो तेव्हा त्याला बहुधा निद्रानाश नसून झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया असतो. यात घरच्यांची साक्ष सगळ्यात महत्त्वाची. रात्री घोरणे अचानक थांबून श्वास बंद पडल्यासारखा वाटतो आणि मग गचका देऊन पुन्हा सुरू होतो का, हे शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असते. या आजाराने रक्तदाब वाढतो. असा रुग्ण सहा महिने मानेचे उपचार घेत राहिला, तर ते सहा महिने वाया जातात.

रात्री पडल्यावर पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, आई मुलांना पाय चेपायला सांगते; हे रेस्टलेस लेग्ज असू शकते. शरीरातला लोहाचा साठा कमी असताना ते जास्त दिसते आणि रक्ताच्या साध्या तपासणीने तो साठा कळतो. थायरॉइड, मेनोपॉजमधले गरम झोत, रात्री चार वेळा लघवीला उठवणारी साखर किंवा प्रोस्टेट, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, स्टेरॉइड, चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या, रात्री नऊचा चहा. आणि उदासीनता: पहाटे तीन-चारला जाग येणे, कशातच मन न लागणे. यांतले एकही मणक्यात नसते.

खरा उपचार, जो फारसा कोणी सुचवत नाही

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा जास्त काळ, झोपायला वेळ आणि जागा असूनही झोप लागत नाही आणि दिवसावर परिणाम होतो, तेव्हा त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितले की अशा प्रत्येक प्रौढ रुग्णाला पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय द्यावा. युरोपातील तज्ज्ञांचेही तेच मत आहे. हा निद्रानाशासाठी बनवलेला वर्तनोपचार आहे. नाव जड आहे, पद्धत साधी आहे, पण शिस्त लागते.

त्यामागचा विचार आधी समजून घ्या, कारण मानेच्या दुखण्याचा प्रश्न तिथेच सुटतो. निद्रानाश सुरू एका कारणाने होतो आणि टिकतो दुसऱ्याच कारणाने. समजा गेल्या पावसाळ्यात मान आखडली आणि पंधरा दिवस झोप नाही झाली. मान बरी झाली. पण त्या पंधरा दिवसांत तुम्ही लवकर आडवे पडायला लागलात, सकाळी उशिरापर्यंत लोळू लागलात, दुपारी झोपू लागलात, रात्री घड्याळ बघू लागलात. आता अंथरूण म्हणजे जागे राहण्याची, काळजी करण्याची जागा, असे मेंदूने शिकून घेतले. कारण गेले, सवय उरली. मान कितीही वेळा मोडली तरी ती सवय जात नाही.

उपचारात आधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवतात: कधी पडलो, अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो. समजा तुम्ही रात्री १० ते सकाळी ७ असे नऊ तास अंथरुणात असता, पण झोप साधारण सहाच तास लागते. मग तुम्हाला अंथरुणात सहाच तास दिले जातात. उठायची वेळ पक्की, म्हणजे सकाळी ६, रविवारीसुद्धा. पडायचे रात्री १२ वाजता, त्याआधी नाही. पहिला आठवडा जड जातो. मग झोप सलग आणि गाढ होऊ लागते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागू लागली, की पडायची वेळ पंधरा मिनिटे आधी आणतात, पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत. फिट्सचा किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. ट्रक, रिक्षा, एसटी चालवणाऱ्यांनी आणि पडण्याची भीती असलेल्या वृद्धांनीही डॉक्टरांच्या देखरेखीतच करावे.

दुसरा नियम: झोप आल्याशिवाय पडायचे नाही, आणि पडल्यावर वीसेक मिनिटांत लागली नाही असे वाटले (घड्याळ न बघता) तर उठून दुसरीकडे बसायचे. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करायचे, पेंग आली की परत यायचे. एका खोलीच्या घरात हे कसे करायचे, असे लोक विचारतात. अंथरुणावरून उठून खुर्चीत बसले तरी चालते. मोबाईल तेवढा नको. दुपारची वामकुक्षी काही आठवड्यांसाठी बंद. “आज नाही झोपलो तर उद्या कोसळेन” यासारख्या विचारांवरही काम केले जाते, ते मानसोपचार तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक करतात. साधारण चार ते आठ भेटींत फरक दिसू लागतो, आणि उपचार संपल्यावरही तो टिकतो.

घरच्यांसाठी एक विनंती. सकाळी उठल्या उठल्या “झोप लागली का?” हा प्रश्न काळजीपोटी असतो, पण रुग्णाला रोज परीक्षेचा निकाल सांगायला लावल्यासारखे होते. तो विचारू नका. चहाला वेळेवर उठवा, तेवढी मदत पुरते.

झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर कोणाच्याही सांगण्यावरून त्या एका रात्रीत बंद करू नका. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर अचानक सोडल्या तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, कधी फिटही येते. “माझ्याकडे दहा वेळा या आणि गोळ्या फेकून द्या” असे कोणी म्हणाले, तर तिथून निघा. गोळी कमी करता येते, पण हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तरीही जायचे असेल तर

कंबर किंवा पाठ दुखते आणि कायरोप्रॅक्टरकडे जायचे ठरलेच असेल, तर मी रुग्णांना एवढे सांगतो. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. समोरच्याला त्यांचे शिक्षण, ते कुठे आणि किती वर्षांचे झाले, हे न लाजता विचारा. मानेला झटका नको, हे पडण्याआधीच सांगा. तयारीचा माणूस झटक्याशिवायही हळुवार पद्धतीने काम करू शकतो. आधीच पैसे भरून वीस-तीस भेटींचे पॅकेज घेऊ नका. काहीच दुखत नसताना ‘देखभालीसाठी’ आयुष्यभर येत राहा, असे सांगितले तर ते तुमच्या गरजेपोटी नसते. पुन्हा पुन्हा एक्स-रे काढू देऊ नका.

आणि झोपेची ती वही सोबत ठेवा. चार आठवड्यांनी पाने उलटून पाहा. दुखणे कमी झाले, व्यायाम सुरू झाला, जागही कमी वेळा येते असे कागदावर दिसले तर उत्तम. दुखणे कमी झाले पण झोप तशीच असेल, तर प्रश्न मणक्याचा नव्हता. आता सीबीटी-आयकडे वळा. जवळच्या सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्याची चौकशी करता येते. तिथपर्यंत जाणे लगेच जमत नसेल, किंवा झोपेबरोबर मनही खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.